कोकणकड्यावर विचारण्याआधी

प्रिय मित्रा,

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्ताच्या वेळी तिला लग्नाचं विचारायचं ठरवलंयस. जागा माझ्याही जिवाभावाची, पण ती वेळ मला पटलेली नाही.

सूर्य बुडाला की हरिश्चंद्रगडावर पाऊण तासात काळोख होतो. मग टॉर्चच्या उजेडात देवळाकडे परतायचं आणि रात्र तंबूत काढायची. तिचं उत्तर 'नाही' असलं, किंवा नुसतं 'मला वेळ दे' असलं, तर त्या काळोखात ती जाईल कुठे? 

मी हिला असंच एका गडाच्या माथ्यावर विचारलं होतं, ग्रुपमधल्या दहाजणांसमोर. ती हो म्हणाली, टाळ्या पडल्या. सगळे बघत होते म्हणून ती हो म्हणाली होती, हे मला चार महिन्यांनी कळलं, तिनं रडत सांगितलं तेव्हा. मग तिच्या घराच्या जिन्यात मी पुन्हा विचारलं आणि उत्तरासाठी थांबलो. आमचं लग्न त्या दुसऱ्या विचारण्यावर झालंय. म्हणून कॅमेरा घेऊन झाडामागे लपणारे मित्र नकोतच.

सूर्यास्त नुसता बघा. कड्याचा माथा पुढे आलेला आणि खालचा भाग आत गेलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहू नका. मागून सरपटत जाऊन पोटावर पडून खाली बघा. सकाळी केदारेश्वराच्या गुहेत जा. चारपैकी एकाच खांबावर उभं असलेलं ते छत आणि पिंडीभोवतीचं बर्फासारखं पाणी तिला दाखव. मग पायथ्याच्या पाचनई गावात उतरा, पिठलं-भाकरी खा, आणि तिथे अंगणात निवांत बसलात की विचार. घर जवळ आलेलं असतं, पायांवरचा ताण उतरलेला असतो. परतीच्या गाडीत तिची एखादी मैत्रीण असेल तर फारच बरं.

वाट पाचनईचीच धर, कोकणातून चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेच्या फंदात पडू नकोस. नोव्हेंबरात जा, शनिवार-रविवार सोडून. अत्तर, सेंट लावू नका. कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात. अंगठी खिशात नको, सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यात दोऱ्यानं बांधून ठेव. आणि दगडावर नावं? चुकूनही नाही.

परतताना राजूर गावात पोचलास की फोन कर. उत्तर काय आलं ते सांगितलं नाहीस तरी चालेल, सगळे सुखरूप उतरलात एवढं कळव.

तुझा,
दादा