भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. लग्न झालेल्या मुलीला वडिलांच्या फ्लॅटमध्ये वाटा असतो का?

ताई, वाटा असतो. आणि इतक्यात सही करू नका.

मुलुंडचा फ्लॅट वडिलांनी पगारातून घेतला, मृत्युपत्र केलं नाही, आणि भाऊ म्हणतो की २००५चा कायदा फक्त वडिलोपार्जित मिळकतीला लागू आहे, असं तुम्ही लिहिलंय. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित मिळकतीबद्दल होती, हे बरोबर. पण वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. आजी हयात नसेल आणि तुम्ही दोघंच भावंडं असाल, तर आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. लग्नात झालेला खर्च त्यातून वजा होत नाही. सोसायटीत भावाचं नॉमिनेशन असलं तरी तेवढ्यावर तो मालक ठरत नाही.

(चाळीतली पागडीची खोली असती तर गोष्ट वेगळी. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय आधी येतो, आणि सासरी गेलेली मुलगी तिथेच मागे पडते.)

१९५६च्या त्याच कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. पुरुष वारस वाटणी करायचं ठरवीपर्यंत तिनं थांबायचं. नवरा असलेल्या, सासरी नांदणाऱ्या मुलीला तर त्या घरात राहायचाही हक्क नव्हता. २००५च्या त्याच दुरुस्तीनं, ९ सप्टेंबरला, ते कलम गेलं. एकोणपन्नास वर्षं कायद्यानंच भावाला सांगितलं होतं की घर तुझं. हे वाचलं तेव्हा मी खूप रडले, कारण तोवर माझी सही होऊन गेली होती.

२०१२ साली. बाबांच्या तेराव्याला काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माहेर हवंय की पैसे?" पुढच्याच महिन्यात निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, सही. मसुदा मी वाचलासुद्धा नाही. बाहेर आल्यावर वहिनीनं साडी दिली. चार वर्षांनी नवऱ्यापासून वेगळं व्हायची वेळ आली, लेकीला घेऊन काही महिने राहायला जागा हवी होती. दादा म्हणाला, "हिला विचारून सांगतो." ज्या खोलीत मी दहावीचा अभ्यास केला, त्या खोलीबद्दल. दादा वाईट माणूस नाही. पण माहेर की पैसे, हे त्याला कधीच कुणी विचारलं नाही.

भावाकडे मसुद्याची प्रत मागा आणि तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, त्यानं आणलेल्या नव्हे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड असतं. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि मसुद्यात आईचंही नाव हक्क सोडणाऱ्यांमध्ये आहे का, ते आज रात्रीच बघा. आमच्या कागदावर होतं. तुम्हाला वाटा सोडायचाच असेल तर आईच्या नावे सोडा.