घरी बांधलेलं १३० किलोचं विमान वावरातून उडवता येईल का?

प्रश्न असा आहे: धाकट्या भावाने गावातल्या वर्कशॉपमध्ये एकट्यापुरतं विमान बांधलंय, रिकामं वजन १३० किलोच्या आसपास. अमेरिकेत हलक्या विमानाला परवाना लागत नाही असं व्हिडिओत पाहिलं, मग आपल्या वावरात उडवलं तर चालेल का, आणि तपासणी कोण करतं?

नाही चालत, भाऊ. मी वायुसेनेत विमानांच्या देखभालीत नोकरी केली, शेवटची वर्षं नागपुरात. आता वर्धा जिल्ह्यात शेती करतो. त्यामुळे कायद्यावर थोडं आणि वजनावर जास्त बोलतो.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. अमेरिकेत ज्याला अल्ट्रालाइट म्हणतात त्याला नोंदणी आणि वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण अटी बघा: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी म्हणजे सुमारे ११५ किलो, पेट्रोल जास्तीत जास्त १९ लिटर, पूर्ण जोर लावूनही हवेत सरळ आडवं उडताना वेग ताशी १०२ किलोमीटरच्या वर जायला नको, आणि उडवायचं ते फक्त हौसेसाठी. तुमचं १३० किलोचं विमान तिथेही या सवलतीत बसत नाही. ते तिथल्या हौशी बांधणीच्या प्रायोगिक वर्गात जाईल. निम्म्याहून जास्त काम स्वतः केल्याचा पुरावा, नोंदणी, तपासणी, बहुधा ४० तासांची चाचणी उड्डाणं आणि पुढे दरवर्षी तपासणी, एवढं सगळं मागे लागतं.

आपल्याकडे ११५ किलोची तशी मोकळीक नाहीच. १९३४ च्या कायद्याच्या व्याख्येत तर पतंगसुद्धा विमान होता! त्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आलाय, १ जानेवारी २०२५ पासून लागू. माणूस बसणार असेल तर डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमानांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे नोंदणी, उड्डाणयोग्यतेचा कागद आणि उडवणाऱ्याचा परवाना हवाच. एक-दोन आसनांच्या मायक्रोलाइटला माणसं आणि इंधन धरून ४५० किलोची मर्यादा आहे, पण ती मर्यादा म्हणजे सूट नव्हे, विमान कोणत्या वर्गात मोडतं तेवढंच ती सांगते. फवारणीच्या ड्रोनचे नियम इथे लावू नका, ते माणूस नसलेल्या यंत्रांचे. वावर स्वतःचं आहे हा मुद्दाही टिकत नाही. सातबारा जमिनीचा असतो, वरच्या हवेचा नाही.

वेळ किती लागतो? कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उडवायची परवानगी २०१९ मध्ये. आणि ते स्वतः वैमानिक.

आता वजन. तुम्ही "आसपास" लिहिलंय, तिथेच मी थांबलो. जिनिंगवरून तीन काटे आणा, विमान आडोशाला घ्या, वारा नको. टाकी रिकामी करा, पाने-पक्कड बाहेर काढा (आम्ही एकदा अख्खी टूलकिट आत ठेवून विमान तोललं होतं आणि दुपारभर आकडा का जुळत नाही म्हणून भांडत बसलो), आणि प्रत्येक चाकाखाली एक काटा. समजा पुढच्या चाकावर २० किलो, मागच्या दोन्हीवर ५५-५५. नाकाच्या टोकापासून पुढचं चाक ०.५ मीटरवर, मागची २ मीटरवर. २० गुणिले ०.५ म्हणजे १०, ११० गुणिले २ म्हणजे २२०. बेरीज २३० भागिले १३०, म्हणजे १.७७ मीटर. रिकाम्या विमानाचा तोल तिथे आहे. मग माणूस आणि पेट्रोल धरून पुन्हा तेच गणित.

हे कशाला, ते बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावं लागत नाही. कापूस मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. एकूण वजन तेवढंच, फक्त जागा चुकली. शेपटी जड झालेलं विमान वर गेल्यावर नाक खाली घालायला तयार होत नाही, वेग मरतो आणि मग सावरत नाही. गाडीवर उतरून चार गाठोडी पुढे सरकवता येतात, तिथे ती सोय नाही.

पंखाचंही तसंच. १३० विमान, ७० माणूस, १९ लिटर पेट्रोलचे १४, झाले २१४ किलो. लहान विमानाच्या पंखाने निदान ३.८ पट भार पेलावा आणि वर दीडपट राखीव हवी असा जुना मापदंड आहे. म्हणजे सुमारे १२२० किलो. विमान उलटं टेकवून पंखांवर वाळूची पोती रचून हे बघतात. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांच्या हिशोबात ती सत्तावीस पोती होतात. भावाला विचारा, रचायची हिंमत होते का.

आणि कापड चढवू नका! पंखाला कापड लागलं की आतलं काहीच दिसत नाही. तपासणारा सांगाडा बघतो: जोड, केबल, बोल्ट, प्रत्येक नटाला पिन किंवा तार आहे का. खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम वापरलं असेल तर आत्ताच सांगा. तो नरम मिश्रधातू असतो. कडक अ‍ॅल्युमिनियमसुद्धा वेल्डिंगच्या जागी नरम पडतं, म्हणून तिथे रिव्हेट किंवा बोल्ट. प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो आणि वही ठेवा. वही नसली तर डीजीसीएसमोर बोलायला तोंड नाही.

इंजिन जमिनीवर चालवायचं असेल तरी विमान दोराने खुंटीला बांधा, पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात एका तरुण वेल्डरने स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरच चालवून पाहिलं. पातं तुटून त्याला लागलं, तो वाचला नाही. तुमच्या भावाच्या वयाचाच असेल.

भावाला रागावू नका, पोरगं हातचं कसबी दिसतंय. सांगाडा उघडा असेतोवर मेसेज करा. मी आर्वीच्या बाजूलाच राहतो, एखाद्या रविवारी येतो. काटे तेवढे तुम्ही आणून ठेवा.