कोयनेचा कातळ इतका कठीण, तरी भूकंप होतो कसा?

तुमचा प्रश्न असा: काळा पाषाण प्रयोगशाळेत एवढा दाब सोसतो, मग कोयनेत जमिनीखाली तो तुटतो कसा? भूपट्टांच्या रेट्याने खडक घट्ट होतो की कमजोर?

आधी एक दुरुस्ती. कोयनेचे भूकंप बहुतेक बेसाल्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या पाषाणात, होतच नाहीत. कोयना परिसरातल्या गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. भूकंप उगम पावतात ते याच खडकात.

आता रेट्याबद्दल. चहूबाजूंनी सारखा दाब आला तर भेगा मिटतात आणि खडक घट्ट होतो. एका दिशेचा रेटा दुसरीपेक्षा बराच जास्त झाला, की बारीक चिरा जास्त रेट्याच्या दिशेला समांतर उघडतात, एकमेकींना मिळतात आणि तिरकी फूट पडते. तिथून पुढे मूळ खडक किती मजबूत होता याला फारसा अर्थ उरत नाही. उरतं ते घर्षण, आणि त्याचा गुणांक ग्रॅनाइट असो वा बेसाल्ट, साधारण ०.६ ते ०.८५. प्रयोगशाळेत आपण भेग नसलेला तुकडा निवडून दाबतो, त्याची २०० मेगापास्कलची ताकद (मेगापास्कल हे दाबाचं एकक) डोंगराला लावायची नसते. माझ्या मते विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, पाणी १९६२ पासून साठू लागलं. १०० मीटर पाण्याचा दाब होतो १ मेगापास्कल. पाच किलोमीटर खाली वरच्या खडकाचाच भार १३० मेगापास्कलच्या आसपास असतो! एवढ्याशा पाण्याने अखंड खडक फुटणं शक्य नाही. पण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, हिमालयापाशी अडतो, आणि तो ताण पार इथल्या जुन्या भ्रंशांपर्यंत, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला आहे अशा मोठ्या भेगांपर्यंत, साचलेला आहे. भेगेत शिरलेलं पाणी तिच्या दोन्ही भिंती आतून रेटतं, म्हणजे त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. घसरायच्या बेतात असलेल्या भ्रंशाला तेवढं पुरतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला.

हे सगळं कोअर बॉक्समध्ये, म्हणजे विंधनविवरातून काढलेले खडकाचे दंडगोल (कोअर) ठेवतात त्या पेटीत, दिसतं का, असंही विचारलंत. दिसतं. भ्रंशाजवळ घासून चकचकीत झालेले, एकाच दिशेच्या ओरखड्यांचे पृष्ठभाग मिळतात, कधी खडकाचं नुसतं पीठ. ताण फार असेल तिथे कोअर वर येताना बिस्किटांसारख्या चकत्यांत तुटतो. त्या भेगा मोजून आरक्यूडी (कोअरमध्ये १० सेंटीमीटरहून लांब अखंड तुकडे किती टक्के, हे सांगणारा खडकाच्या प्रतीचा आकडा) कमी धरू नका. नैसर्गिक सांध्यावर बहुधा गंजाचा डाग, माती किंवा खनिजाचा थर असतो. चकतीची तुटलेली बाजू ताजी आणि स्वच्छ असते, आणि चकत्यांची जाडीही साधारण सारखीच भरते.