आधी मथळा झाका, मग चित्र झाका

प्रश्न : माझी मुलगी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवरची रूपकं शोधून आणा, असा गृहपाठ तिला मिळालाय. रूपक चित्रात असतं की मथळ्यात, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चाललाय. तुम्ही इतकी वर्षं कव्हरं केलीत, तुम्हीच निकाल द्या.
— एक वाचक, सातारा

उत्तर : निकाल देत नाही, खेळ सांगतो. लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’चं १४ नोव्हेंबर २००९चं मुखपृष्ठ मोबाइलवर काढा. रिओ शहराच्या डोक्यावर, कोर्कोवादो डोंगरावर १९३१पासून हात पसरून उभा असलेला येशूचा पुतळा माहीत असेल. त्या कव्हरवर त्याचं रॉकेट झालंय. बुडाखाली जाळ, आणि स्वारी निघाली आभाळात. मथळा : ‘ब्राझील टेक्स ऑफ’.

आता मथळ्यावर अंगठा ठेवा. काय उरलं? पुतळ्याखाली कुणी सुरुंग लावला की काय, असंही वाटेल. मग चित्र झाका. उरलेला मथळा कुठल्याही अर्थपुरवणीत खपून जाईल. इंग्रजीत धंदाही टेक ऑफ करतो, नटाची कारकीर्दही करते. शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यातलं विमान कुणाला दिसत नाही. चित्रकारानं तो शब्दशः घेतला आणि ब्राझीलची ओळख असलेल्या पुतळ्यालाच उडवलं. म्हणजे शब्दानं चित्राला अर्थ दिला, चित्रानं शब्दाला पुन्हा धार लावली. तुमच्या घरातले दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर.

मराठीत हेच कव्हर करायचं तर आमची पंचाईत. आपण लगेच ‘ब्राझीलची भरारी’ लिहिणार, आणि भरारी घेतो पक्षी. मग रॉकेट रद्द, पुतळ्याला पंख लावा. ‘ब्राझील झेपावला’ चाललं असतं, रॉकेट मराठीत झेपावतंच, पण त्याला सातच्या बातम्यांचा वास येतो. मथळ्याची भाषा बदलली की चित्र बदलावं लागतं, हे मुलीला जरूर लिहायला सांगा.

खरी मजा पुढे. २०१०मध्ये ब्राझीलची अर्थव्यवस्था साडेसात टक्क्यांनी वाढली, नंतर गाडी रुतली. जून २०१३मध्ये बसभाडं २० सेंटाव्होंनी (म्हणजे तिथल्या पैशांनी) वाढल्याचं निमित्त झालं आणि लाखो लोक रस्त्यावर आले. २८ सप्टेंबर २०१३च्या मुखपृष्ठावर तोच पुतळा, तेच रॉकेट, पण गिरक्या खात खाली येणारं. मथळा विचारतो, ब्राझीलनं हातची संधी घालवली का? त्यासाठी वापरलेलं इंग्रजी क्रियापद, ‘ब्लो’, स्फोटालाही चालतं. पहिलं कव्हर ज्यांच्या लक्षात होतं, त्यांना मथळा वाचायचीही गरज पडली नसेल. एप्रिल २०१६मध्ये पुतळा पुन्हा आला, हातात ‘एसओएस’चा, म्हणजे ‘वाचवा’चा, फलक धरून. यावेळी शब्द थेट चित्राच्या हातातच दिला.

साप्ताहिकं हे उद्योग करतात, कारण दैनिकानं फोटो आधीच छापलेला असतो. शिवाय विकासदराचा फोटो काढणार कसा?

आता माझी फजिती. कांद्याचे भाव भडकले होते, मी चिरलेला कांदा काढला, त्याच्या कडेला एक थेंब. पाणी फार दिसतंय म्हणून तो तीनदा पुसून पुन्हा रंगवला. मथळा ठरला ‘कांद्यानं रडवलं’. आम्ही खूश. आठवड्यानं निफाड तालुक्यातून पोस्टकार्ड आलं : ‘मागच्या साली भाव पडला तेव्हा आम्ही रडलो. तेव्हा तुमचं कव्हर कुठं होतं?’ रडवलं, पण कुणाला, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. पुण्यात बसून ते लिहावंसं वाटलंही नाही, कारण थेंब आमच्याच डोळ्यातला होता. चित्र तसंच ठेवून मथळ्यात ‘शेतकऱ्याला’ एवढा एक शब्द घातला असता, तर तोच कांदा मागच्या सालच्या अंकावर चालला असता.

ते पोस्टकार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. मुलीला गृहपाठासाठी आणखी एक उदाहरण हवं असेल तर हे घेऊ दे, फक्त साप्ताहिकाचं नाव विचारू नका.