डिझेल इंजिनाऐवजी सौरपंप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विहिरीवर ५ एचपीचे डिझेल इंजिन आहे. ते काढून ५ एचपीचाच सौरपंप बसवला तर तेवढेच पाणी मिळेल का? उन्हाळ्यात पाणी १८ मीटरवर जाते, शेत विहिरीपेक्षा ६ मीटर उंच आहे आणि ६३ मिमीची पाइपलाइन २०० मीटर आहे.

एचपी सारखी असली तरी पाणी सारखे मिळत नाही. इंजिन डिझेल संपेपर्यंत एकसारखे ओढते, तासाला साधारण एक लिटर जाळून. सौरपंपाचे पाणी मात्र उन्हाबरोबर चढते आणि उतरते. त्यामुळे तासाचा नव्हे, दिवसभराचा हिशोब धरा.

आधी हेड काढा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर चढवावे लागते ते. पाइपमधले घर्षणही त्यात मीटरमध्येच धरतात. १८ आणि ६ मिळून २४ मीटर झाले. सेकंदाला ५ लिटर पाणी ६३ मिमीच्या पाइपमधून नेले, तर दर १०० मीटरला सुमारे ६ मीटर हेड घर्षणातच जाते, म्हणजे तुमच्याकडे १२ मीटर. एकूण ३६. पाइप ९० मिमीचा केला तर घर्षण २०० मीटरला जेमतेम २ मीटर आणि एकूण हेड २६. ५ एचपीला ४,८०० वॉटचे पॅनेल असते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यावर ३६ मीटरला ढोबळमानाने ९० हजार लिटर, तर २६ मीटरला सव्वा लाखाच्या आसपास पाणी मिळावे. जुना पाइप तसाच ठेवून नंतर ‘सोलर ओढत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष बहुतेक वेळा पाइपचाच असतो.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पंपाची क्षमता जमिनीवर ठरते : अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पण त्याच एचपीत कमी-जास्त हेडचे पंप येतात. पाहणीला माणूस येईल तेव्हा मे महिन्यातली पाणीपातळी सांगा, पावसाळ्यातली नको. जास्त हेडचा पंप उथळ विहिरीवर बसला तर पाणी कमी देतो. कमी हेडचा पंप उन्हाळ्यात फिरतो, पण पाणी वर येत नाही.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंश कलते ठेवा. एका पॅनेलवर बाभळीची सावली आली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या सगळ्या ओळीची वीज घटते. धुवायचे ते सकाळीच. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकू शकते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर धुतल्यावर लगेच पुसा, नाहीतर पांढरा थर बसतो.

प्रश्न : ठिबक सौरपंपावर नीट चालत नाही. सकाळी शेवटच्या झाडांना पाणीच पोचत नाही. काय करावे?

ठिबकला सुमारे एक किलो दाब लागतो, म्हणजे आणखी १० मीटर हेड. सकाळी नऊला पंपात तेवढा जोर नसतो. व्हॉल्व्ह लावून शेताचे लहान भाग करा, सकाळ-संध्याकाळ लहान भाग आणि अकरा ते तीन मोठे भाग चालवा. उंचावर जागा असेल तर दिवसभर टाकीत पाणी चढवून तिथून सोडणे अधिक चांगले. एक किलो दाबासाठी मात्र टाकी शेतापेक्षा १० मीटर उंचावर हवी. बॅटरीवर पैसे घालू नका, पाणी साठवणे कितीतरी स्वस्त पडते. आणि वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुणे, चुकवू नका.

प्रश्न : गोबरगॅसवर इंजिन चालेल का?

चालते, थोडे डिझेल सोबत ठेवून. पण ५ एचपीला तासाला सुमारे अडीच घनमीटर गॅस लागतो, आणि २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण घालावे लागते. एवढ्या शेणात इंजिन तासभरही धड चालत नाही. तोच गॅस चुलीवर वापरला तर रोज पाऊण ते एक किलो एलपीजी वाचतो, म्हणून स्वयंपाकघराला पहिला मान. तरीही इंजिनाला द्यायचाच असेल तर गॅस आधी लोखंडी किसातून जाऊ द्या. त्यातला हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे भाग खातो. कीस काळा पडला की पसरून हवा लावा, पण एकदम ढीग उघडू नका, तो तापतो.