वाचक विचारतात : बारा खुर्च्या आणि खोडलेली नावं

या महिन्यात तीन पत्रं घेतेय. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आलीत पण विषय फिरून एकाच जागी येतो, कोर्टात वर्ण बघून होणारा न्याय, म्हणून एकत्र.

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची, गेली सोळा वर्षं अटलांटाजवळ राहते. सिटिझनशिप मिळाली आणि वर्षभरात ज्युरी ड्युटीचं समन्स आलं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत बसायला बोलावणं. नवरा म्हणाला काहीतरी सांगून सुटका करून घे, पण मला जायचंच होतं. केस घरफोडीची, आरोपी विशीतला ब्लॅक मुलगा. आम्ही चाळीसेक जण होतो, त्यात ब्लॅक लोक सात-आठ तरी असतील. माझ्या शेजारी स्कूल बस चालवणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या, शब्दकोड्याचं पुस्तक घेऊन बसलेल्या. त्यांना विचारलं घरातल्या कुणाला कधी अटक झालीय का, अमुक भागात राहता का, पोलिसांबद्दल मत काय. मला फक्त नोकरी काय करता आणि इंग्लिश नीट समजतं का एवढंच. मग दोन्ही वकील एक कागद इकडून तिकडे देत काहीतरी खोडत होते, मध्येच आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, अर्धा तास कॉरिडॉरमध्ये उभे. परत आत गेल्यावर क्लार्कने बारा नावं वाचली, माझं होतं, त्या बाईंचं नव्हतं, बारांत ब्लॅक एकच. आम्ही शेवटी दोषी म्हटलं, पुरावाही तसा होता असं तेव्हा वाटलं. पण त्या बाई पुस्तकात पेन्सिल खुपसून निघाल्या ते डोळ्यांसमोरून जात नाही. हे कायद्यात बसतं का? मी उभं राहून बोलायला हवं होतं का? आणि मला का ठेवलं?

उत्तर : ताई, तुम्हाला बाहेर काढलं ना, तो अर्धा तास बहुतेक याच विषयावर आत वाद चालू असणार. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली असेल की सरकारी वकील ब्लॅक लोकांचीच नावं खोडतायत, आणि असा वाद ज्युरीसमोर करत नाहीत.

तिथे प्रत्येक बाजूला ठराविक संख्येपर्यंत माणसं कारण न देता काढून टाकता येतात. हा फार जुना हक्क आहे आणि त्याचा फार जुना गैरवापर पण आहे. केंटकी राज्यात १९८२ साली बॅट्सन नावाच्या ब्लॅक माणसावर घरफोडीचाच खटला चालला, यादीत चार ब्लॅक लोक होते, सरकारी वकिलाने चौघांनाही उडवलं आणि पूर्ण गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की वर्ण बघून नाव खोडता येणार नाही. म्हणजे समोरच्याने हरकत घेतली आणि जजला संशयाला जागा दिसली की खोडणाऱ्याने वर्ण सोडून दुसरं कारण द्यायचं, मग ते खरं की बनावट हे जजने ठरवायचं. त्याच निकालात थर्गुड मार्शल, म्हणजे त्या कोर्टाचे पहिले ब्लॅक न्यायमूर्ती, यांनी वेगळं लिहिलं की याने भागणार नाही, कारण न देता खोडायचा हक्कच काढून टाका.

मार्शल बरोबर होते असं माझं स्पष्ट मत आहे. कारण दुसरं कारण शोधायला कितीसा वेळ लागतो हो? १९९५ मध्ये मिसुरीतल्या एका प्रकरणात सरकारी वकिलाने सांगितलं की त्या माणसाचे केस लांब आणि कुरळे होते आणि दाढी-मिशी होती म्हणून काढला, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या पायरीवर कारण पटण्यासारखं असायचीही गरज नाही, फक्त त्यात वर्ण नको. त्या बस चालवणाऱ्या बाईंना विचारलेले प्रश्न आता परत वाचा, घरात कुणाला अटक झाली का, कुठल्या भागात राहता, पोलिसांवर विश्वास आहे का. यात वर्णाचा शब्द नाही. पण ज्या वस्तीत पोलीस रोज पोरांना थांबवून झडती घेतात तिथे राहणाऱ्या साठीच्या बाईच्या नात्यागोत्यात एकालाही कधी अटक झालेली नसेल असं होईल का? आधी वस्तीवर नजर ठेवायची आणि मग त्या नजरेचाच दाखला देऊन त्या बाईला घरी पाठवायचं. हे मला फार लागतं.

तुमच्याच राज्यातलं एक प्रकरण सांगते. जॉर्जियातल्या रोम गावी १९८७ मध्ये टिमथी फॉस्टर या ब्लॅक तरुणावर एका वृद्ध गोऱ्या बाईच्या खुनाचा खटला चालला, शेवटच्या यादीत चार ब्लॅक लोक उरले होते, चौघेही खोडले गेले, फाशीची शिक्षा झाली. सरकारी वकिलाने तेव्हा प्रत्येकाचं काही ना काही कारण दिलं होतं. जवळजवळ वीस वर्षांनी फॉस्टरच्या वकिलांनी माहिती मागवण्याच्या कायद्याखाली सरकारी फाइल मिळवली तर त्यात ज्युरीची यादी निघाली, ब्लॅक लोकांच्या नावांवर हिरवा हायलायटर फिरवलेला आणि कोपऱ्यात लिहूनही ठेवलेलं की हिरवा म्हणजे ब्लॅक. नावांपुढे बी अक्षर. नक्की नको अशी सहा जणांची वेगळी यादी, त्यातले पाच ब्लॅक. ३४ वर्षांच्या एका बाईंना काढताना कारण दिलं होतं की त्यांचं वय आरोपीच्या वयाच्या जवळचं आहे, आरोपी १९ वर्षांचा! आणि २१ वर्षांचा गोरा माणूस मात्र चालला. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ मतांनी फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला, पण तो कागद हाती लागला नसता तर? हायलायटर न वापरता नुसतं डोक्यात ठेवणारे किती असतील याचा हिशोब कुठल्याच फाइलमध्ये नाही.

मिसिसिपीतल्या विनोना गावचं कर्टिस फ्लॉवर्स या ब्लॅक माणसाचं प्रकरण तर डोकं सुन्न करतं. एकाच गुन्ह्यासाठी एकाच सरकारी वकिलाने त्याच्यावर सहा वेळा खटला चालवला आणि सहा खटल्यांत मिळून खोडता येण्यासारख्या ४२ ब्लॅक लोकांपैकी ४१ खोडले. सहाव्या खटल्यात खोडलेल्या पाच ब्लॅक लोकांना मिळून १४५ प्रश्न विचारले, आणि ज्युरीत घेतलेल्या ११ गोऱ्यांना मिळून १२. तुम्ही जे शेजारच्या खुर्चीवरून बघितलं तेच हे, फक्त इथे मोजलं गेलं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले, तोवर त्याची जवळजवळ २३ वर्षं तुरुंगात गेली होती.

आता तुम्ही काय करायला हवं होतं? उभं राहून बोलायचं नाही, ते योग्य पण नव्हतं आणि त्याने त्या मुलाचं भलं झालं नसतं. ज्युरीतल्या माणसाला काही खटकलं तर चिठ्ठी लिहून बेलिफकडे द्यायची, ती जजकडे जाते. आणि आता खटला संपलाय, जजने मनाई केलेली नसेल तर तुम्ही बचावाच्या वकिलाशी बोलू शकता. तेव्हा हरकत घेतली असेल तर कारणं रेकॉर्डवर आलेली असतील आणि अपिलात तपासता येतात. फक्त वेळ घालवू नका, जॉर्जियात नव्या खटल्याचा अर्ज निकालानंतर ३० दिवसांत करावा लागतो. चर्चेच्या खोलीत कुणी उघड वर्णावरून बोललं असेल तर तेही सांगा. कोलोरॅडोतल्या एका खटल्यानंतर ज्युरीतल्या दोघांनी वकिलाला सांगितलं होतं की आमच्यातला एक जण आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्याने केलंच असणार असं म्हणत होता, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यासाठी ज्युरीच्या गुप्ततेचा जुना नियम बाजूला ठेवला. ते दोघं गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं.

तुम्हाला का ठेवलं हे मला इथून कसं कळणार, पण अंदाज सांगते, राग मानू नका. नोकरदार, शांत, पोलिसांशी कधी संबंध आलेला नाही अशी भारतीय बाई, ही आपल्या बाजूने झुकेल असं सरकारी बाजूने धरलं असेल. म्हणजे तुमच्याकडेही चेहरा बघूनच बघितलं गेलं, फक्त हिशोब उलटा लागला.

आणि एक, हे बदलता येतं. वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये नियम केला की वकिलाच्या मनात काय होतं ते शोधत बसायचं नाही, बाहेरून बघणाऱ्या समंजस माणसाला वर्ण हा भाग वाटू शकत असेल तर खोडणं रद्द, आणि पोलिसांवर अविश्वास, नातेवाइकाला अटक असली कारणं मुळातच संशयास्पद धरायची. ॲरिझोनाने तर १ जानेवारी २०२२ पासून कारण न देता खोडायचा हक्कच काढून टाकला.

प्रश्न : मी साताऱ्याला लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोकमान्यांच्या खटल्यातली ज्युरी गोरी होती असं वाचलं. ते मुद्दाम केलेलं का, आणि आपल्याकडे पण असं वर्ण बघून चालायचं का?

उत्तर : चालायचं आणि ते लपवायची गरजही नव्हती. १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं, त्याप्रमाणे मुफस्सल भागात, म्हणजे मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांबाहेर, भारतीय न्यायाधीशासमोर युरोपियन माणसाचा खटला चालू शकणार होता. त्यावर इथल्या गोऱ्यांनी एवढा गदारोळ केला की पुढच्या वर्षी तडजोड झाली, युरोपियन आरोपीला निम्मी तरी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन मागता येईल. म्हणजे आपल्या लोकांसमोर खटला चालावा हा हक्क त्यांना बरोबर कळत होता, स्वतःसाठी.

टिळकांचा १८९७ चा खटला बघ. ज्युरीत नऊ जण, सहा युरोपियन आणि तीन भारतीय, निकाल सहा विरुद्ध तीन, युरोपियन सगळे दोषी म्हणाले आणि भारतीय सगळे निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची. १९०८ ला सरकारने खास ज्युरी, म्हणजे बहुतेक युरोपियन नावं असलेल्या वेगळ्या यादीतली, मागून घेतली, टिळकांच्या बाजूने हरकत घेतली की लेख मराठी, केसरीतले, आणि मराठी न येणारे लोक भाषांतर वाचून राजद्रोह ठरवणार हे कसं, पण ऐकलं गेलं नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, पुढे मंडाले. जज दावर स्वतः भारतीय होते, आणि १८९७ मध्ये वकील म्हणून त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता! त्यामुळे खुर्चीवर आपला माणूस आला की झालं असं कुणी म्हणालं की मला ती रात्र आठवते.

तू लॉ करतोयस म्हणून अजून एक सांगते. सहा विरुद्ध तीनच्या त्या निकालाच्या पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, अमेरिकेत लुइझियाना राज्याने नवी घटना केली आणि गंभीर गुन्ह्यांत बारापैकी नऊ मतं पुरतील असं ठरवलं. हेतू उघड होता, ब्लॅक माणसाला ज्युरीत बसू द्यावं लागलंच तरी त्याच्या मताने काही अडायला नको. मतांचा आकडा पुढे दहावर गेला पण पद्धत तीच राहिली, आणि सुप्रीम कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली २०२० मध्ये. मुंबईत काय आणि लुइझियानात काय, बसायला जागा दिली पण मत मोजलं नाही.

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. पुतण्या टेक्सासला असतो, तो म्हणतो काका इथले ब्लॅक लोक गुन्हेच जास्त करतात म्हणून तुरुंगात जास्त आहेत, यात वर्णाचा काय संबंध. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर : सर, त्याला आधी गांजाचं विचारा. गोरे आणि ब्लॅक लोक गांजा जवळपास सारख्याच प्रमाणात ओढतात, पण २०१३ च्या एका देशव्यापी अहवालात अटकेचं प्रमाण ब्लॅक लोकांत ३.७३ पट निघालं. गुन्हा सारखा, मग पकडलं कुणाला जातं? क्रॅकचं, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांचं, पण तसंच, क्रॅक आणि कोकेनची पावडर हे मुळात एकच द्रव्य, पण १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं आणि तेवढ्याच शिक्षेला पावडर मात्र ५०० ग्रॅम. क्रॅकच्या केसमध्ये सापडणारे बहुतेक ब्लॅक. २०१० मध्ये शंभराचं प्रमाण अठरावर आणलं. अठरा, एक नाही.

आणि तरीही ऐकलं नाही तर वॉरन मॅक्लेस्की या ब्लॅक माणसाचं प्रकरण सांगा, कारण त्यात पुतण्याचा मुद्दा लागूच होत नाही. अटलांटात एका दरोड्यात गोरा पोलीस मारला गेला आणि मॅक्लेस्कीला फाशीची शिक्षा झाली. त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस या प्राध्यापकांचा अभ्यास कोर्टात ठेवला, जॉर्जियातल्या दोन हजारांहून जास्त खून प्रकरणांचा. त्यात निघालं की बाकी सगळ्या गोष्टींचा हिशोब धरूनसुद्धा मेलेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट. बघा सर, हा आकडा मारणाऱ्याच्या वर्णाचा नाहीये, मेलेल्याच्या वर्णाचा आहे. कोण किती गुन्हे करतं याचा त्याच्याशी संबंधच येत नाही, कुणाच्या जिवाची किंमत किती धरली एवढंच त्यात मोजलंय.

१९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते फेटाळलं. अभ्यास बरोबर आहे असं धरून चालू पण याच माणसाच्या बाबतीत भेदभाव झाला याचा पुरावा कुठे, असं म्हणाले, आणि हे मान्य केलं तर सगळी शिक्षेची व्यवस्थाच प्रश्नाखाली येईल असंही म्हणाले. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्याला न्याय जास्त होईल याची भीती असं म्हटलं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांना निवृत्तीनंतर त्यांच्या चरित्रकाराने विचारलं की एखादं मत बदलावंसं वाटतं का, तर त्यांनी याच केसचं नाव घेतलं. ते बोलले १९९१ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियाने मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवलं.