दुसऱ्या कॉलेजमधून ट्रान्सफर होऊन आलेल्या बास्केटबॉल खेळाडूमुळे टीमचं भलं होतं की वाटोळं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अमेरिकेत एमएस करताय, तुमच्या युनिव्हर्सिटीच्या टीमने एका छोट्या कॉलेजमधला गार्ड (बॉल पुढे नेणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) घेतलाय, आणि फॅन्समध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतोय भाडोत्री आणलाय, दुसरा म्हणतोय हाच आता तारणार. कुणाचं ऐकायचं असं विचारलंय. भाडोत्री म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, एवढं आधीच सांगतो. बाकीचं सविस्तर लिहितो कारण या विषयावर मी वर्षभर भांडलोय आणि मला अजून त्याचा राग आहे.

मी इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा. वेस्ट लाफायेटला मास्टर्स केलं, नंतर नोकरी पण इंडियानातच लागली, त्यामुळे मॅकी अरेना (पर्ड्यूचं बास्केटबॉलचं स्टेडियम) काही सुटलं नाही. १७ मार्च २०२३ ला आमच्यावर काय वेळ आली ते बास्केटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा. आम्ही बिग टेन ही आमची लीग जिंकून आलेलो, मार्चमधल्या देशपातळीवरच्या एनसीएए टुर्नामेंटला एक नंबरचं सीडिंग (ताकदीप्रमाणे दिलेला क्रमांक, १ सगळ्यात वरचा, १६ सगळ्यात खालचा), झॅक एडीसारखा सात फूट चार इंची सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), आणि आम्ही १६ नंबरच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरलो. त्यांची टीम उंचीने देशात सगळ्यात बुटकी होती. आम्ही २६ तीन पॉइंटर मारले त्यातले ५ गेले. त्याच्या आदल्या वर्षी १५ नंबरच्या सेंट पीटर्सकडून हरलेलो, त्याच्या आदल्या वर्षी १३ नंबरच्या नॉर्थ टेक्ससकडून. ऑफिसात सोमवारी कुणाच्या नजरेला नजर द्यायची सोय राहिली नव्हती.

हरायचं कारण डोळ्याला दिसत होतं. एडीला दोघं-तिघं घेरून उभे, आणि बाहेर बॉल ज्यांच्या हातात ते ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर दोघं फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे. समोरच्याने प्रेस लावला (कोर्टभर अंगावर येऊन अडवलं) की बॉल पुढे नेतानाच दमछाक, आतला पास सुटेना, आणि मोकळा शॉट मिळाला तर तो बसेना. पोरं चांगलीच होती, फक्त १८-१९ वर्षांच्या दोघांवर सगळा भार होता. त्यांच्याबरोबर एक जुना, अंगाने दणकट, चार वर्षं मार खाल्लेला गार्ड हवा होता, इतकी साधी गोष्ट आहे.

त्याच उन्हाळ्यात कोच मॅट पेंटरने सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्सला घेतलं. तिथे चार वर्षं खेळलेला, कोविडच्या वर्षामुळे सगळ्यांना मिळालेलं एक जादाचं वर्ष हातात होतं, तेवढंच आमच्याकडे खेळणार.

आता आमच्या ग्रुपमध्ये एक सिनियर आहे, नागपूरचा, सगळे त्याला अण्णा म्हणतात, माझ्याआधी कितीतरी वर्षं इथे आलेला आणि पर्ड्यूच्या प्रत्येक खेळाडूची कुंडली तोंडपाठ. त्याच्या घरामागे आम्ही शनिवारी मक्याची कणसं भाजत होतो आणि ही बातमी निघाली. अण्णा हातातला चिमटा माझ्यासमोर नाचवत म्हणाला, पेंटर पोरं घडवतो म्हणून आपण त्याला मानतो, आता हापण बाजारात गेला. सदर्न इलिनॉय मिसुरी व्हॅली या छोट्या लीगमधलं, तिथले पॉइंट बिग टेनमध्ये चालत नाहीत, त्याचा तीन पॉइंटचा टक्का बघ, आणि एका वर्षासाठी आलेल्याला काय आपल्या शर्टाचं प्रेम असणार रे. आणि याच्यासाठी ईथन मॉर्टनला बाकावर बसवणार, जो पोरगा तीन वर्षं इमानदारीत थांबला.

टक्क्याचं मी ऐकून घेतलं असतं. पण ते 'बाहेरून आलेल्याला प्रेम नसतं' हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कारण मी डिप्लोमावाला आहे. दहावीनंतर गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक केलं आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला आलो, आणि ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते पुढे सांगायची गरज नाही. पहिल्या दिवसापासून तुम्ही 'ते डिप्लोमावाले'. एम-थ्रीला (मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला) उडणार, इंग्लिश येत नाही, शॉर्टकटने आलेत. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मला जिमखान्याच्या सरांनी घेतलं, पोरांनी नाही. पोरांचं म्हणणं टीम फर्स्ट इयरपासून सेट आहे, हा मधेच कुठून आला. प्रॅक्टिसला मी कॉर्नरमध्ये हात वर करून मोकळा उभा असायचो आणि बॉल दुसरीकडेच जायचा, दोघं अंगावर असलेल्याला जायचा पण मला नाही. झोनलला समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या पोरामागे धावायला मात्र मी. कॉलेज माझंही होतं ना, फी मीही भरत होतो, त्या शर्टात घाम माझाही गेलाय. आधी आलेला तो मालक आणि नंतर आलेला तो पाहुणा हा हिशोब मला कधीच पटलेला नाही आणि पटणार पण नाही.

तर अण्णाला म्हटलं, पेंटर स्वतः कुठून आला? पर्ड्यूला खेळला हे खरंय, पण २००३-०४ ला हेड कोच होता ते याच सदर्न इलिनॉयचा, तिथून आपण त्याला उचलून आणला. तेव्हा तिथलं पाणी चांगलं होतं का? आणि घडवतो-घडवतो म्हणतोस तर २०१४ ला जॉन ऑक्टियस कोलोरॅडो स्टेटमधून एका वर्षासाठी आला होता, यूसीएलएचं अ‍ॅडमिशन फिसकटल्यावर, आणि त्याच वर्षी आपण परत एनसीएए टुर्नामेंटला गेलो. नंतर मिशिगनचा स्पाइक अल्ब्रेक्ट, डार्टमथचा बूड्रो, हाय पॉइंटचा प्रॉक्टर, २०२२ ला डेव्हिड जेंकिन्स. पेंटर दरवर्षी दहा पोरं उचलत नाही, पण जिथे भोक आहे तिथे एक जण बरोबर आणतो, आणि हे तो पोर्टल (ट्रान्सफर हवं असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) निघायच्या आधीपासून करतोय. अण्णा म्हणाला ते सगळे बेंचचे होते, ऑक्टियस सोडून. हे काही अगदी खरं नव्हतं पण कणसं जळायला लागली म्हणून विषय तिथे थांबला. मग तो पुढचं पूर्ण वर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर चालला.

लान्सने काय केलं ते तुम्ही आकड्यात बघाल तर सरासरी साधारण १२ पॉइंट एवढंच दिसेल. प्रत्यक्ष बघितलं असतं तर कळलं असतं. समोरच्या टीमच्या सगळ्यात डोकेदुखी गार्डला तो अर्ध्या कोर्टाच्या आधीच गाठायचा. त्यामुळे स्मिथला डिफेन्समध्ये जरा श्वास मिळायचा आणि मग तोच स्मिथ ऑफेन्सला ताजा. प्रेस लागला तर बॉल नेणारे आता दोन. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला की लान्स मागे न बघता पळत सुटायचा, एरवी आमची टीम एडी खाली पोचेपर्यंत वाट बघत उभी राहायची. आणि कोपऱ्यात शूटर म्हणून उभा असला की एडीवरचा दुसरा माणूस सोडायची समोरच्याला भीती. टीम म्हणून आम्ही त्या सीझनला तीन पॉइंटर ४० टक्क्यांनी मारले. ते सगळं काही लान्सचं नव्हतं, लॉयर आणि मेसन गिलिसने पण भरपूर मारले, पण मोकळे शॉट वाढले ते कोर्टवर तीन गार्ड धोक्याचे झाल्यामुळे. आणि महत्त्वाचं म्हणजे तो यायच्या आधी दुसऱ्याच्या घरी मोठा होता, इथे आल्यावर तिसरा-चौथा झाला आणि त्याने तोंड वाकडं केलं नाही.

३१ मार्च २०२४, डेट्रॉइट, समोर टेनेसी. जिंकलो तर फायनल फोर (टुर्नामेंटच्या शेवटच्या चार टीम), जो १९८० नंतर आम्ही बघितलेला नव्हता, पेंटरच्या आधीच्या जीन कीडींसारख्या कोचला पण इतकी वर्षं जमला नव्हता. आम्ही सगळे अण्णाच्या बेसमेंटमध्ये. टेनेसीचा डाल्टन केनेक्ट ३७ पॉइंट करून बसला, आणि तो पण ट्रान्सफर बरं का, ज्युनियर कॉलेज, मग नॉर्दर्न कोलोरॅडो, मग टेनेसी. आमच्या एडीचे ४०. लान्सचे शॉट काही बसत नव्हते आणि प्रत्येक चुकीला अण्णा माझ्याकडे वळून बघत होता. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिलेली, मॅच हातातून जाते की राहते असं चाललेलं, आणि बॉल लान्सकडे आला. एवढं चुकल्यावर माणूस बिचकतो, पास करून मोकळा होतो. हा बिचकला नाही, उठला आणि मारला, आणि तो तीन पॉइंटर असा स्वच्छ गेला की जाळीच हलली फक्त. सगळ्यात आधी सोफ्यावरून उठला तो अण्णा, आणि ओरडला काय तर "लान्स्याऽऽ!" आपल्या गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसा. पुढे एडीने केनेक्टचा ले-अप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) ब्लॉक केला, ७२-६६ जिंकलो. ज्याला शर्टाचं प्रेम नसणार होतं त्याचं नाव अण्णाच्याच तोंडात होतं, हे मी त्याला त्याच रात्री ऐकवलं, आणि आजही ऐकवतो.

फायनलला यूकॉनकडून (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) ७५-६० हरलो. आमचे तीन पॉइंटर सातात एक गेला. दुसऱ्या दिवशी अण्णाचा मेसेज, बघ, मोठ्या मॅचला तुझा गार्ड कुठे होता. मी म्हटलं अण्णा, आपल्याला हरवलं कोणी? ट्रिस्टन न्यूटन, जो टुर्नामेंटचा बेस्ट खेळाडू झाला, तो ईस्ट कॅरोलिनातून आलेला. कॅम स्पेन्सर रटगर्समधून आणि त्याच्या आधी लॉयोला मेरीलँडमधून आलेला. म्हणजे चॅम्पियन टीमचे दोन गार्ड बाहेरूनच आलेले. यावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आणि एक गोष्ट मला राहून राहून वाटते ती इथे लिहितोच. आपण एमएसवाले काय आहोत? अण्णाने बीई नागपुरात केलं, दोन वर्षं इथे मास्टर्स केलं, आणि आज तो "आपलं पर्ड्यू" म्हणतो, गाडीवर स्टिकर, पोरांना काळं-सोनेरी जर्सी. त्याला त्याच्या दोन वर्षांत एवढं प्रेम बसू शकतं तर लान्सला एका वर्षात का नाही बसणार? तुमच्या ग्रुपमध्ये भाडोत्री म्हणणारा जो कोणी आहे तो स्वतः बीई कुठून करून आलाय हे त्याला विचारा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मोठं नाव आणलं म्हणजे झालं असं नसतं. हंटर डिकिन्सन मिशिगन सोडून कॅन्ससला गेला तेव्हा सगळ्यात गाजलेला ट्रान्सफर होता, कॅन्सस दोन्ही वर्षं सीझनच्या आधी रँकिंगमध्ये एक नंबरला होतं, आणि टुर्नामेंटमध्ये २०२४ ला दुसऱ्या राउंडला तर २०२५ ला पहिल्याच राउंडला घरी. तो स्वतः चांगलाच खेळला, पण भोक दुसरीकडे होतं. म्हणून तुमचा गार्ड आधीच्या कॉलेजात किती पॉइंट करायचा हे सोडा, तुमची टीम मागच्या वर्षी कशामुळे हरत होती ते बघा आणि हा नेमकं तेच करतो का ते बघा. बॉल कायम स्वतःच्या हातात लागणारा असेल आणि तुमच्याकडे आधीच तसा एक असेल तर मात्र अवघड आहे.

अण्णाच्या बाजूनेही थोडं लिहायला हवं. मॉर्टनचं वाईट झालंच, आधीच्या वर्षी स्टार्टिंगला होता तो बाकावर आला आणि सीझन संपल्यावर कोलोरॅडो स्टेटला गेला. गिलिस गेला ड्यूकला. आणि सदर्न इलिनॉयच्या लोकांचं काय, त्यांचा लान्स गेला आणि त्याच उन्हाळ्यात मार्कस डोमास्क इलिनॉयला गेला, दोन मुख्य खेळाडू एकदम, आणि पुढच्याच मार्चमध्ये त्यांच्या कोचची नोकरी गेली. छोट्या कॉलेजने पोरगं तयार करायचं आणि मोठ्याने न्यायचं हे चाललंय ते काही बरं नाही. २०२१ पर्यंत ट्रान्सफर केलं की सहसा एक वर्ष बसावं लागायचं, मग एकदा माफ झालं, आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा फिरा. त्यात २०२१ पासून जाहिरातीचा पैसा आणि आता कॉलेजेस सरळ कमाईतला वाटा देतात. याने पोरं दरवर्षी हलतात हे मला पण आवडत नाही. पण राग धरायचा तर नियम करणाऱ्यांवर धरा. २१-२२ वर्षांचं पोरगं आपलं शेवटचं वर्ष चांगल्या टीममध्ये खेळायला आलं तर त्याला शिव्या कशाला.

तुमची टीम कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. टीमचं नाव, त्या गार्डची किती वर्षं शिल्लक आहेत, आणि त्याच्या येण्याने कोण बाकावर जाणार एवढं कमेंटमध्ये टाका, मग नीट सांगतो. आणि तो बाकावर जाणारा जर तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असेल तर पहिल्या होम मॅचला टाळ्या त्याच्यासाठी पण वाजवा.